फोटोच्या कडेचा हात

आमच्या घरात फोटो काढले जायचे ते कागदासाठी. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म, बँकेचं पासबुक, निवडणुकीचं ओळखपत्र. काम झालं की उरलेल्या प्रती पाकिटात घालून लोखंडी पेटीत कागदपत्रांखाली ठेवायच्या. आठवण म्हणून फोटो काढायचा, ही गोष्ट वर्षातून एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी घडायची. तीही फक्त आम्हा मुलांपुरती.

माझी अम्मी २०१९ मध्ये गेली. तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे, तो तिच्या निवडणूक ओळखपत्रावरचा. टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरलं. तो निर्णय झाला नसता, तर अम्मीचा चेहरा कुठल्याच कागदावर उरला नसता. पांढऱ्या कापडासमोर बसवून काढलेला काळा-पांढरा फोटो. पदर कपाळापर्यंत, ओठ घट्ट मिटलेले. सरकारी माणसासमोर एखादी बाई जशी बसेल, तशी ती बसली आहे. माझी अम्मी मात्र तशी नव्हती. ती हसताना तोंडावर पदर धरायची आणि तिचे खांदे हलत राहायचे.

माझा थोरला अडीच वर्षांचा असताना मी त्याला हा फोटो दाखवला. म्हटलं, ही तुझी नानी. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "नानी गुस्से हुई क्या?"

मी काय उत्तर देणार? नानी चिडकी नव्हती, हे त्याला पटवायला माझ्याकडे फक्त शब्द होते. अडीच वर्षांच्या मुलापाशी शब्द फार टिकत नाहीत.

त्या रात्री मी ईदचे जुने फोटो काढून बसले. सोलापुरात त्या काळी स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा. तळं, कमान, ताडाचं झाड. त्यासमोर आम्ही चौघं भावंडं नव्या कपड्यांत ताठ उभी आहोत. सगळ्यात धाकटा भाऊ स्टुलावर बसला आहे, जेमतेम सहा-सात महिन्यांचा. त्याला नीट बसता येत नव्हतं. फोटोच्या उजव्या कडेला मनगटापासून पुढे एक हात दिसतो. हिरव्या बांगड्या, बोटांवर मेंदी. तो हात भावाच्या पाठीला टेकला आहे. तो अम्मीचा. बाकीची अम्मी चौकटीच्या बाहेर आहे.

या हाताने मला शोध घ्यायला लावलं. पुढे वाचनात आलं की हे काही आमच्याच घरातलं नाही. एकोणिसाव्या शतकात कॅमेऱ्यासमोर बराच वेळ स्थिर बसावं लागे. तान्हं मूल कसं बसणार? मग इंग्लंडातल्या स्टुडिओत आईला खुर्चीवर बसवत, तिच्या अंगावर डोक्यापासून कापड टाकत आणि मूल तिच्या मांडीवर देत. फोटोत मूल दिसे, आणि मागे सजवलेल्या खुर्चीसारखं काहीतरी. तिथे बुरख्याचा प्रश्न नव्हता, पडद्याचा नव्हता, मजहबचा तर नव्हताच. तरी आई झाकली गेली, कारण फोटो मुलाचा हवा होता. आई फक्त मूल धरण्यापुरती हवी होती.

याउलट एक गोष्ट आपल्या शेजारच्या हैदराबादची. लाला दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनानी स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायला केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई होत्या. पडद्यातल्या बायकांनी यावं, बाईच्या हातून फोटो काढून घ्यावा, परक्या पुरुषाची नजर पडू नये, अशी व्यवस्था. अर्थात ती सोय सरदार-जमीनदारांच्या घरच्या बायकांची. पण मला त्यातली सूज्ञता आवडली. पडदा आणि फोटो यांत एकच निवडा, असं त्या स्टुडिओने बायकांना सांगितलं नाही. मधली वाट काढली.

आमच्याकडे धाकटी झाली तेव्हा ही सगळी गोष्ट माझ्या डोक्यात होती. ती तीन महिन्यांची असताना तिचं आधार काढायला गेलो. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो घेतात. पांढऱ्या पडद्यासमोर मी तिला काखेत हात घालून धरलं. मान सावरायला एक हात मागे होता. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हात दिसतोय. जरा खाली घ्या." मी हात खाली घेतला, तिची मान कलंडली. पुन्हा धरलं, पुन्हा हात दिसला. पाचव्या-सहाव्या खेपेला जमलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. कागदाला मुलाचा चेहरा हवा, आईचा हात नको. पण घरच्या फोटोंचाही नियम तोच का असावा?

आमच्या घरी तो तसाच होता. यांच्या मोबाइलमध्ये थोरल्याचे शेकडो फोटो. त्याच्या दुधाच्या दातांचे वेगळे. त्यात मी दोन-चार ठिकाणी आहे, तेही कुठे पाठ, कुठे ओढणीचं टोक. फोटो काढायच्या वेळी हे सवयीने म्हणत, "जरा बाजू हो, बच्चोंका लेतूं." आणि मीही सवयीने बाजूला सरत असे. सासूबाई तर बोलवायच्या आधीच उठून जात.

धाकटीचा चिल्ला होऊन गेला होता आणि माझी रजा संपत आली होती. शाळा सुरू व्हायच्या आत एकदा बाहेर जाऊन येऊ म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही नळदुर्गला गेलो. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने पाऊण-एक तासाची वाट. दीराने भाड्याची व्हॅन केली होती. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी आणि धाकटीच्या लंगोटांची पिशवी. लहान मुलं असलेल्या घराची सहल म्हणजे निम्मं बिऱ्हाडच.

नळदुर्गचा किल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. बोरी नदीवर बंधारा घातला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं हे काम. पावसाळ्यात बंधारा भरला की दोन बाजूंनी पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी धबधबा म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही वाहत होते. दगड निसरडे, म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन मी आणि सासूबाई वरच थांबलो. थोरल्याला बापाच्या खांद्यावर बसून पाणी पाहायचं होतं. पाण्याच्या आवाजाने तो आधी घाबरला, मग इतका खूश झाला की परत यायला तयार होईना.

वर आल्यावर त्याने बहिणीला सासूबाईंच्या मांडीवर पाहिलं. एरवी ती जागा त्याची. धाकटी आल्यापासून त्याचं हे चाललं होतं. तिच्या पायाला चिमटा काढायचा, मग आपणच रडायचं. त्या दिवशी मात्र तो दादीजवळ गेला, पाण्याने भिजलेली बोटं बहिणीच्या गालाला लावली आणि म्हणाला, "ठंडा है." ती दचकली, डोळे मोठे केले आणि बोळकं उघडून हसली. ते पाहून सासूबाईही हसल्या.

यांनी मोबाइल काढला. सासूबाई लगेच उठायला लागल्या.

"अम्मीजान, बैठो ना," मी म्हटलं.

"नक्को बेटी. मेरा फोटू कायकू? घर में फोटू रहे तो फरिश्ते नै आते."

"पासपोर्टकू निकाले थे ना?"

"वो जरूरत थी. उमरेकू जाना था."

त्यांचं म्हणणं काही अडाणीपणाचं नव्हतं. फोटोबाबत आलिमांत एकमत नाही. कुणी कॅमेऱ्यातलं चित्र आरशातल्या प्रतिबिंबासारखं मानतात, कुणी हाताने काढलेल्या तसबिरीसारखं. पासपोर्ट, ओळखपत्र अशा गरजेला मात्र बहुतेकांनी सूट दिली आहे. सासूबाई त्याच हिशेबाने चालत आल्या होत्या. त्यांच्याशी मसल्यावर वाद घालायचा माझा वकूब नाही आणि इच्छाही नव्हती. मी त्यांचाच शब्द उचलला.

"येभी जरूरतच है अम्मीजान. मेरी अम्मी का एकच फोटू है, कार्डवाला. बच्चा पूछता, नानी गुस्से हुई क्या. मैं क्या बोलूं?"

त्या काही बोलल्या नाहीत. धाकटीचं टोपडं नीट केलं, थोरल्याला जवळ ओढून बसवलं. मग म्हणाल्या, "दीवारपे नै लगाना. किसीकू भेजना नै. अलमारी में रखना."

मी हो म्हटलं. यांच्याकडून मोबाइल घेऊन दीराच्या हातात दिला आणि आम्ही सगळेच बसलो. मीसुद्धा.

त्या अटीचा मी नंतर पुष्कळ विचार केला. भिंतीवर नको, कुणाला पाठवू नको, कपाटात ठेव. आज मूल जन्मल्याच्या तासाभरात त्याचा फोटो दोनशे मोबाइलवर पोहोचतो आणि चोवीस तासांनी स्टेटसवरून पुसला जातो. ज्यांना त्याचं काही देणं-घेणं नाही त्यांनी पाहिलेला असतो, आणि ज्या मुलाचा तो आहे त्याच्या हाती पुढे काहीच लागत नाही. सासूबाईंनी नेमकं उलटं सांगितलं. लोकांनी पाहायला नको, आपल्यांसाठी राहू दे. आठवणीचा फोटो याहून वेगळा काय असतो?

रजा संपवून शाळेत रुजू झाले. लहान वर्गाला आम्ही 'मेरा खानदान' हा विषय घेतो तेव्हा मुलांना घरचा फोटो आणायला सांगतो. बरेचजण बापाचा फोटो आणतात, भावंडांचा आणतात. आई-दादी पुष्कळ फोटोंत नसतेच. या वर्षी एका मुलीने ईदचा फोटो आणला आणि मोकळ्या जागेत पेन्सिलीने आई काढून आणली. म्हणाली, "मिस, अम्मी फोटो निकाल रही थी." मी त्या पोरीला शाबासकी दिली. मग पालकांच्या बैठकीत आयांना सांगितलं, वर्षातून एकदा तरी मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. पडदा सांभाळा, हवं तर घरातल्या मुलीच्या हातून काढून घ्या, पण मुलांजवळ बसा.

कारण माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा काही आठवत नाही. थोरल्याला नळदुर्गचं पाणी आठवणार नाही. धाकटीला तर दादीची मांडीही आठवणार नाही. ते दिवस त्यांना आपणच द्यायचे असतात. जो त्या चौकटीत नाही, तो त्यांच्या लेखी तिथे नव्हताच.

नळदुर्गच्या फोटोची प्रत मी स्टुडिओतून कागदावर काढून आणली आणि एक साधा अल्बम घेतला. प्रत्येक फोटोच्या मागे जागा, तारीख आणि माणसांची नावं उर्दूत लिहायची, असं ठरवलं. लिहायला बसले तेव्हा सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर-खाली करून पाहिला. आपला असा हसरा फोटो त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला असावा. मी विचारलं, "अम्मीजान, आपका क्या लिखूं? दादी लिखूं?"

"दादी तो सबकी रहती," त्या म्हणाल्या. "मेरा नाम लिख. बाप के नाम के साथ लिख."

मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. लग्नाआधीचं, त्यांच्या अब्बांच्या नावासकट. आमच्या घरात ते नाव निकाहनाम्यानंतर प्रथमच कुणी लिहिलं होतं.