मापातलं पाप

यरुशलेमच्या दक्षिणेला डोंगरकडेवर तकोवा नावाचं गाव होतं. गावाच्या पूर्वेला जमीन जी उतरू लागते ती थेट मृत समुद्रापर्यंत. गवत विरळ होत जातं आणि मग नुसते दगड. इसवीसनापूर्वी आठव्या शतकात आमोस इथला मेंढपाळ. जोडीला उंबराच्या कुळातल्या झाडांचं काम. ही झाडं तकोवाच्या थंडीत होत नाहीत, खालच्या उबदार पट्ट्यात होतात. फळ पिकावं म्हणून एकेका फळाला चीर द्यावी लागते. असल्या किचकट कामातला हा माणूस एके दिवशी सरहद्द ओलांडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बोलू लागला.

त्याची बोलण्याची रीत मोठी बेरकी. आधी शेजाऱ्यांचे गुन्हे. दिमिष्काने, म्हणजे दमास्कसने, गिलादातली माणसं मळणीच्या लोखंडी औताखाली चिरडली. गज्जाने गावंच्या गावं गुलाम म्हणून विकली. मग सोर, अदोम, अम्मोन. ऐकणारे माना डोलावत असणार; शत्रूची निंदा कुणाला कडू लागते? मवाबाचा गुन्हा मात्र वेगळा. त्याने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलचं काहीच गेलं नव्हतं, तरी आमोसच्या देवाला ते खुपलं. बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकात मी सगळ्यात जास्त रेंगाळतो तो इथे. पुढे यहूदा, म्हणजे आमोसचा स्वतःचा मुलूख. आणि शेवटी गळ्याशी येतो तो इस्राएलच.

त्यांचा गुन्हा युद्धातला नाही, बाजारातला आहे. चपलांच्या एका जोडासाठी गरिबाला विकलं. कर्जापोटी घेतलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत द्यावं असा नियमशास्त्राचा दंडक. हे लोक तीच पांघरुणं अंथरून वेदीपाशी लोळतात. धान्य मोजायचं माप लहान, चांदी तोलायचं वजन जड, तराजू खोटा, वर गव्हात कचरा मिसळलेला. आपल्याकडे मापात पाप म्हणतात ते अगदी हेच. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, कधी सरतो नि दुकान कधी उघडतं, अशी व्यापाऱ्यांची तगमग. हे वाचताना मला कोकणातले बेने इस्राएल ज्यू आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आमोसच्या व्यापाऱ्यांनीही दिवस पाळला होताच, फक्त मन तागडीपाशी ठेवून.

काळ भरभराटीचा होता. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याने सीमा वाढवल्या होत्या. राजधानी शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी निघाले. आमोस ज्या हस्तिदंती पलंगांवर चिडतो, तो थाट कल्पनेतला नव्हता. सणांची, यज्ञांची, गाण्यांची रेलचेल होती. देवाला त्याचा वीट आलाय, असं हा परमुलखातला गुराखी सांगत होता. त्याला हवा होता न आटणाऱ्या ओढ्यासारखा न्याय. तकोवाच्या बाजूचे ओढे पावसापुरतेच वाहतात, हे ठाऊक असलं की ती मागणी किती मोठी ते कळतं. 1963 साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या भाषणात हीच प्रतिमा घेतली. तेव्हापासून पाणी सगळ्यांच्या लक्षात आहे. तराजूचं नाव कुणी फारसं घेत नाही.

बेथेलमधल्या राजाच्या देवळाचा याजक अमस्या याने राजाला कळवलं की या माणसाचं बोलणं देशाला सोसवत नाही. आणि आमोसला म्हणाला, यहूदात जा, तिथे भाकरी कमव. देववाणी हा पोटाचा धंदा, असंच तो धरून चालला होता. आमोसने उत्तरात संदेष्टेपण नाकारलं, संदेष्ट्यांचं घराणंही नाकारलं, आणि मेंढरांचं नि उंबरांचं नाव घेतलं. ज्याची भाकरी राजाच्या देवळातून येत नाही त्याचंच हे उत्तर. यानंतर तो अमस्याच्या बायकोमुलांनाही शापात ओढतो. ते मला रुचत नाही. मवाबाकडून परक्या राजाच्या हाडांचा हिशेब मागणाऱ्याला ते शोभतही नाही.

इसवीसनापूर्वी 722च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने शोमरोन घेतलं. पुस्तकाच्या अगदी शेवटी डोंगरांवरून द्राक्षारस पाझरतो, पडकी नगरं पुन्हा वसतात. त्या ओळी मागाहून कुणी जोडल्या असाव्यात, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मलाही तसंच वाटतं. आमोस इतक्या चटकन गोड होणारा नव्हे. पण जोडणाऱ्याला दोष देववत नाही. त्याच्यासमोर हस्तिदंती पलंगावरचे लोक उरलेच नव्हते. होते ते घरंदारं गेलेले.