बटण बंद होते, तरीही...

2022 सालच्या मे महिन्यातील गोष्ट. वळवाचा पाऊस सुरू होता. घरामागच्या लिंबावर वीज कोसळली, कानठळ्या बसल्या आणि दिवे गेले. तासाभराने दिवे आले, पण मुलीचा कॉम्प्युटर काही सुरू होईना. मागच्या बाजूला जळका वास येत होता.

"प्लग काढायला काय झालं होतं तुला?" मी मुलीवर ओरडलो.

"पप्पा, बटण तर मी बंद केलं होतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

माझ्या संतापाला कारण होते. वस्तीतल्या सव्वीस मुलांचे शिष्यवृत्तीसाठी लागणारे दाखले मी कचेरीतून आल्यावर रात्री बसून त्यात साठवले होते. काहींचे आईवडील वीटभट्टीवर गेलेले. पुन्हा कागद गोळा करायचे कसे?

दुकानदाराने लांबूनच पाहिले आणि निकाल दिला, "सगळं जळालं. नवीनच घ्या." क्लार्कच्या पगारात नवीन कोठून आणणार? शेवटी आयटीआय झालेल्या भाच्याला बोलावले. तो म्हणाला, "मामा, एकेक वस्तू तपासू. घाई नको."

आधी त्याने सर्व वायरी काढल्या. भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावला, तो लागला. दुसरी पॉवर केबल लावून पाहिली, उपयोग झाला नाही. मग आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, सोडवून त्याने स्वतःचा आणून जोडला. पंखा फिरला, पडदा उजळला! आमचा एसएमपीएस तेवढा गेला होता. "हा डबा उघडायचा नाही मामा, प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते," त्याने बजावले. हार्ड डिस्क शाबूत होती. सव्वीस मुलांचे दाखले जसेच्या तसे होते. पहिले काम म्हणून ते सारे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले.

इंटरनेट मात्र चालेना. राउटर गेला होता आणि कॉम्प्युटरचे लॅन पोर्टही. म्हणजे वीज केवळ लाइटच्या वायरीतून नव्हे, इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही घरात शिरली होती. लॅन पोर्टचे काम यूएसबीला लावायच्या छोट्या अडॅप्टरने भागले.

"पण बटण बंद होतं ना?" मी विचारले. भाचा हसला. आभाळातून मैलभर उडी मारून येणाऱ्या विजेला बटणातली बारीकशी फट ती काय अडवणार? स्पाइक गार्डही एकदा असा तडाखा खाल्ला की आतून निकामी होतो. दिवा लागतो, पण रक्षण करीत नाही. आणि अर्थिंग नसेल तर तो अर्ध्याच कामाचा.

येथे माझी मान खाली गेली. घर बांधताना अर्थिंगचा खड्डा "पुढे बघू" म्हणून मीच टाळला होता. चूक माझी आणि बोलणी मुलीला! त्या रात्री मी तिची माफी मागितली. पुढच्याच आठवड्यात खड्डा घेतला.

वाचकहो, आभाळ गडगडू लागण्याआधीच प्लग काढा आणि इंटरनेटची तारही काढा. वीज डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका. वस्तू पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही. महत्त्वाचे कागद दोन ठिकाणी ठेवा. आणि घरातल्या लेकरावर ओरडण्याआधी आपण काय टाळले होते, ते एकदा आठवून पाहा.