बंदूक आणि मृगाजिन

आमच्या देवघरात मृगाजिन होते आणि माजघरात बंदूक. या दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या हातून घरात आल्या होत्या, यात काही विशेष आहे असे मला बालपणी कधी वाटले नाही. आजोबा पहाटे मृगाजिनावर बसून संध्या करीत. त्याच वेळी वडील ओसरीवर बंदुकीची नळी चिंधीने पुसत असत. शेतकऱ्याच्या घरी नांगर असावा, सोनाराच्या घरी मूस असावी, तशी आमच्या घरी बंदूक होती.

डिचोली तालुक्याच्या उत्तरेस लाटंबार्से, साळ, मेणकुरे हा जो पट्टा दोडामार्गाच्या रानाला टेकलेला आहे, त्या बाजूचे आमचे घर. आईचे माहेर पेडणे महालात, हळर्णच्या अलीकडे नदीकाठी. दोन्ही घरी शिकारीचा नाद होता. त्यामुळे लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा दोन्ही व्याह्यांनी सोन्यापेक्षा मेरूच्या शिंगांवरच अधिक वेळ घालवला, असे आजी हसून सांगे. मेरू म्हणजे सांबर. भारतातील हरणांत ते सर्वांत मोठे. पूर्ण वाढलेला नर दोनशे-अडीचशे किलो भरतो. इतके मोठे जनावर असूनही ते रानातून असे जाते, की वाळलेले पान वाजत नाही.

वडिलांची बंदूक ठासणीची, एकनळी. तिचा संसार मोठा होता. दारू भरलेले शिंग, मापासाठी बांबूचे लहानसे पेर, ठासण्यासाठी गज, नारळाच्या काथ्याचे बोळे, आणि पत्र्याच्या डबीत केपा. आधी दारू, त्यावर काथ्या, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा काथ्या. प्रत्येक थर गजाने सारखा दाबायचा आणि शेवटी केप चढवायची. शिसे मिळे ते जुन्या मासेमारीच्या जाळ्यांच्या मण्यांचे. आई परसात तीन दगडांची चूल मांडून ते वितळवू देई; घरातल्या चुलीवर मात्र नाही. पावसाळ्यात दारू सर्द होई, म्हणून ती चुलीवरच्या फळीवर ठेवावी असे वडिलांना फार वाटे. या एका प्रश्नावर आईने त्यांना उभ्या जन्मात दाद दिली नाही.

कमरेला आकडी, आकडीत कोयती, खांद्याला घोंगडी, फडक्यात तांदळाची भाकरी आणि कांदा. जळवांसाठी चुना-तंबाखूची पुरचुंडी. पायांत काही नाही. रानात जायच्या दिवशी डोक्याला खोबरेल लावायचे नाही, विडी ओढायची नाही. एका चिंधीत चुलीतली राख बांधलेली असे. ती बोटाने झटकली की वाऱ्याची दिशा कळे. रात्रीसाठी कार्बाइडची बत्ती होती, पुढे तीन सेलांची विजेरी आली. परवान्याचा पोर्तुगीज भाषेतील कागद देवघरातल्या पेटीत असे. तो वाचता येणारे घरात कोणी नव्हते. तरी तो कुंकवाच्या बोटांचा मान मिळवून बसला होता.

शिकारीचेही पंचांग असे. सोमवार, एकादशी, संकष्टी वर्ज्य. श्रावणात बंदूक भिंतीवरून उतरत नसे. गावची मोठी पारध शिमग्यानंतर. त्याआधी गावकार देवीला कौल लावीत, आणि प्रसाद उजवा झाला नाही तर जमलेली माणसे निमूटपणे घरी परतत. हाकाऱ्यांत गावातले सगळे असत. वाटे पडत ते प्रथम देवाच्या नावाचे, मग बंदूकवाल्याचे, मग हाकाऱ्यांचे. आणि ज्या घरात पुरुषमाणूस नसे त्या घरचा वाटा कोणी न सांगता बाजूला काढला जाई. आमच्याकडे मांस घरात शिजत नसे. त्यासाठी परसातली खोपी, वेगळे मडके, वेगळा डाव. आई ते रांधी, सर्वांना वाढी. स्वतः मात्र मेरूचे मांस खात नसे. कारण विचारले तर ‘आवडत नाही’ एवढेच म्हणे.

रान कसे वाचावे हे मला वडिलांनी शिकवले. 1959 साली, मी दहा वर्षांचा असताना, ते मला प्रथम पाणवठ्यावर घेऊन गेले. आम्ही माचाणावर रात्र काढली आणि रिकाम्या हातांनी परत आलो. पुढे कळले की बहुतेक रात्री अशाच सरतात. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, मेरू एकच खणखणीत हाक देते, आणि ती हाक आली म्हणजे बिबटा किंवा वाघ जवळ आहे असे समजावे. मेरूच्या नराची शिंगे दर वर्षी गळतात आणि पुन्हा नवी फुटतात. नवी असताना त्यांवर मऊ कातडी असते. कोवळ्या शिंगाच्या नरावर आणि कोणत्याही मादीवर वडील नेम धरीत नसत. त्यांचा सर्वांत कडक नियम मात्र दुसराच होता. ते म्हणत, ‘‘दिसना ताचेर नेम धरूं नये.’’ पान हलले, सावली सरकली, आवाज आला, एवढ्यावर बार काढायचा नाही. सबंध अंग दिसले पाहिजे. सावज समजून माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या आजही कोकणातून अधूनमधून येतात, तेव्हा हे वाक्य मला त्यांच्याच आवाजात ऐकू येते.

वडिलांनी शेवटचा मेरू मारला तो 1970 च्या उन्हाळ्यात. गोळी वर्मी बसली नाही. संध्याकाळची वेळ, रक्ताचा माग ओढ्यापर्यंत स्पष्ट आणि पुढे पाण्यात हरवलेला. सोबतचे लोक म्हणाले, उद्या गिधाडे दाखवतील. वडील परत आले नाहीत. दोन रात्री आणि दोन दिवस ते त्या मागावर होते. तिसऱ्या सकाळी, वेळूच्या बेटात बसलेले ते जनावर त्यांना जिवंत सापडले. त्यांनी जवळ जाऊन दुसरा बार काढला. घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर शिंगेही नव्हती, मांसही नव्हते. आईने ऊन पाणी दिले. त्यांनी अंघोळ केली आणि सबंध दिवस कोणाशी न बोलता ते झोपून राहिले. त्यानंतर हरणावर बंदूक त्यांनी पुन्हा उचलली नाही.

आजोबा तोवर वारले होते आणि पूजा वडिलांकडे आली होती. ते लाकडी पाटावर बसत. मृगाजिन गुंडाळून वर माळ्यावर ठेवलेले होते. एकदा मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, ‘‘हांवें मारिल्लें, ताचेर बसून जप जायना म्हाका.’’ आमचे मृगाजिन चितळाचे होते. शास्त्रात सांगितले आहे ते कृष्णाजिन, म्हणजे काळविटाचे. पण काळवीट हा उघड्या माळरानाचा प्राणी, आमच्या दाट रानात तो कोठून असणार?

आपल्या पुराणांत मृगयेला स्थान आहे, आणि जवळजवळ प्रत्येक मृगयेच्या पाठीशी एक पश्चात्ताप उभा आहे. पंडूने हरणाच्या रूपातील ऋषीला बाण मारला आणि शाप घेतला. दशरथाने न पाहता, केवळ आवाजावर, शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावणकुमार गेला. दुष्यंत हरणामागे धावत आश्रमाशी आला, तेव्हा तपस्व्यांनी त्याला हात वर करून थांबवले. या कथा कीर्तनांतून वडिलांनी कितीदा ऐकल्या असतील! दशरथाची कथा लागली की ते मान खाली घालून बसत, एवढे मला आठवते.

मुक्तीनंतर कायदा हळूहळू रानात शिरला. 1965 साली गोवा, दमण व दीव यांचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. 1969 मध्ये मोले येथे अभयारण्य जाहीर झाले. 1972 चा केंद्रीय कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून करावयाची शिकारही संपली. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रुक्ष प्रदेशांत एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार आजही परवान्यावर चालते. कळप मोजून किती मारावयाचे हे तेथे ठरवतात, आणि परवान्यांचा पैसा रानाच्या निगेस लावतात. आपण दुसरा मार्ग घेतला. घरातील शिंगे-कातडी सरकारदप्तरी नोंदवण्याची अट आली, तेव्हा वडील स्वतः जाऊन सर्व लिहून देऊन आले. आपल्या देवळांतही हा बदल झालाच. घुमटाला घोरपडीचे कातडे लागते, त्याशिवाय आरतीला नाद येत नाही, असे म्हणणारे लोक होते. आज बकरीच्या कातड्याची घुमटे वाजतात आणि चतुर्थीची आरती काही थांबली नाही.

मग आता बंदुकीचा प्रश्न का, असे वाचक विचारतील. प्रश्न आला तो धाकट्या भावाच्या शेतातून. वडिलांच्या पश्चात परवाना पीकसंरक्षणासाठी भावाच्या नावे झाला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. पण रान आता पूर्वीचे राहिले नाही. डिचोलीतील डोंगर खाणींनी पोखरले. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, तेथून 2023 च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. रानडुकरे भाताच्या कणसांत, गवे काजूच्या बागेत, माकडे नारळावर. 2025 च्या सप्टेंबरात तर ओंकार नावाने ओळखला जाणारा हत्ती सिंधुदुर्गातून थेट पेडण्यात उतरला. गवा हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. पण त्याने एका रात्रीत केलेली नासाडी पाहून मान राखणे शेतकऱ्याला जड जाते.

भाऊ आता सत्तरीच्या पुढे गेला आहे. गेल्या दिवाळीत पुतण्या मला म्हणाला, ‘‘बंदूक माझ्या नावावर करून घेऊ का, काका? बाबांना रात्री जागणे होत नाही.’’ मी उत्तर देण्यापूर्वीच भावजय स्वयंपाकघराच्या दारातून बोलली, ‘‘भावोजी, डुकराला कायदा राखतो, हत्तीला माहूत राखतील. आमच्या भाताला कोण राखणार, ते आधी सांगा.’’ तिने त्या वर्षी पिकाचा तिसरा भाग गमावला होता. तिच्यापुढे दयेचे पाठ म्हणणे मला शोभले नसते. मी पणजीत राहतो आणि तांदूळ दुकानातून आणतो.

आणि तरीही भीती होती. गावात आता बंदुकीपेक्षा वाईट साधने आली आहेत. तारेचे फास लावतात ते डुकरासाठी, त्यांत बिबटा अडकून तडफडत मरतो. पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, त्याने जनावराचा जबडा फुटतो आणि ते आठ-आठ दिवस जगते. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मेलेले सापडले. गुरे मारल्याच्या रागाने विष घातले होते. फास, स्फोटक, विष या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मारणारा तेथे नसतो. त्याला सावज दिसत नाही, त्याला माग काढावा लागत नाही. वडिलांचे दोन्ही नियम तेथे लागूच होत नाहीत.

पुतण्याला मी होय म्हणालो. पण सांगितले, की बंदूक मारण्यासाठी मागत असशील तर कायदा आडवा आहे. डुकराच्या बाबतीतही वन्यजीव खात्याच्या लेखी परवानगीवाचून गोळी घालता येत नाही. राखणीसाठी मागत असशील तर माळ्यावर जागावे लागेल, हवेत बार काढावा लागेल, डबे वाजवावे लागतील, सौरकुंपणाखालचे गवत कापावे लागेल. आणि फास लावणारा आपल्या वाड्यावरचा असला तरी फास काढून आणावा लागेल. ‘‘त्याने वैर येईल,’’ तो म्हणाला. ‘‘येईल,’’ मी म्हणालो.

या पावसाळ्याअखेर त्याने अर्ज केला आहे. बंदूक सध्या ठाण्यात आहे. परवा त्याचा निरोप आला, की बागेच्या वरच्या अंगाला दोन फास मिळाले, ते त्याने काढून विहिरीजवळच्या खोपीत टांगले आहेत. लावणारा कोण हे त्याला ठाऊक आहे, आणि तो मनुष्य रोज त्याच वाटेने जातो. भावजयीने मात्र त्याच निरोपात स्वतःपुरते विचारले होते, की या वर्षी डुकरे अजून आली नाहीत, तर भात आठ दिवस आधी कापावे का?

मी कळवले, कापावे.