दोन परवाने, एक सीडी

१/५
लिनक्सवर सीडी लिहायची, तर एकेकाळी ‘सीडीरेकॉर्ड’ या प्रोग्रामला जवळजवळ पर्याय नव्हता. बर्लिनच्या योर्ग शिलिंग यांनी तो घडवला आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला.

२/५
२००६ साली शिलिंग यांनी आपल्या संचाचा बराचसा भाग सन मायक्रोसिस्टिम्सच्या सीडीडीएल परवान्याखाली नेला. डिस्कची प्रतिमा तयार करणारा ‘एमकेआयएसओएफएस’ मात्र जीपीएलखालीच राहिला.

३/५
जीपीएलची अट अशी, की तिच्या कोडशी जोडलेला सारा कोड तिच्याच अटींवर वाटावा; सीडीडीएलखालील फाइल मात्र सीडीडीएलखालीच राहते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे अशक्य, असे डेबियनच्या विकासकांचे मत पडले. शिलिंग यांना हा आक्षेप मान्य नव्हता.

४/५
त्याच वर्षी डेबियनच्या विकासकांनी जीपीएलखालील जुन्या आवृत्तीवरून ‘सीडीआरकिट’ उभे केले. सीडीरेकॉर्डच्या जागी ‘वोडिम’ आले. लेखकाला पुढची आवृत्ती नव्या अटींवर देता येते. एकदा मुक्त केलेली आवृत्ती परत घेता येत नाही.

५/५
मात्र कोड मिळाला, तरी तो सांभाळायला माणसे लागतात. २०१० नंतर सीडीआरकिटची नवी आवृत्ती आली नाही. शिलिंग पुढेही अनेक वर्षे मूळ संच सुधारत राहिले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.