पाण्याला नकार, खळीलाही नकार

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या बाजारगावी पावसाळा लागला, की व्यापाऱ्याला मालाइतकीच खोक्याची चिंता असते. ओल धरलेले गोदाम, गळकी ताडपत्री. साधा पुठ्ठा ढिला पडतो, म्हणून पाणी न शोषणाऱ्या कागदाची खोकी मागवली जातात. तरीही थप्पीतले खालचे खोके बसते, माल परत येतो आणि वर्षांची पत एका हंगामात डळमळते. पाहावे तर कागद कोरडाठाक, पण नालीपासून सालीसारखा सुटलेला. दोष कारागिराच्या माथी मारला जातो. बहुधा तो अन्याय असतो.

पुठ्ठ्याचे थर मक्याच्या स्टार्चच्या खळीने जुळतात. (सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा, ही खळ धान्याची, जैन व्यापाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.) खळीत बहुतांश पाणीच असते. ते कागदाच्या तंतूंत मुरते आणि उष्णतेने स्टार्च तेथेच शिजून घट्ट होतो. मेणाने किंवा राळेने ज्या कागदाला पाणी नाकारायला शिकवले, तो खळीलाही दारातच थांबवतो.

सुटलेला सांधा पुष्कळ सांगतो. सोलताना तंतू फाटले तर जोड पक्का. कागद गुळगुळीत निघाला तर खळ मुरलीच नाही. आयोडीनचा थेंब टाकला, की स्टार्चची रेघ निळी-काळी उमटते. रेघ तुटक असेल तर खळ नीट लागलेली नाही. मूळची रेघ पांढरी, पिठूळ असेल तर ती कच्ची राहिली. कॉब चाचणीत ६० सेकंदांत कागद दर चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी पितो, ते आधीच कळते.

अशा वेळी खळ वाढवण्याचा मोह होतो. त्याने पाणी वाढते आणि पुठ्ठा वाकतो. त्यापेक्षा कागद आधी तापवावा, यंत्राचा वेग उतरवावा, खळीतले पाणी कमी करावे. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला शिजतो. कॉस्टिक सोडा मोजून घातला, तर हे तापमान खाली येते. बोरॅक्सने चिकटपणा वाढतो. लेप एकाच बाजूला असेल, तर ती बाजू बाहेर राहिली पाहिजे; घाईत उलटा चढलेला रोल हे कारण कोणी सहजी कबूल करत नाही.

शिवाय साधी खळ भिजली, की पुन्हा सैल होते. कागद पाणीरोधक असला, तरी खळीत रेझिन नसेल तर सांधा टिकत नाही. म्हणून ऑर्डर देताना कागद आणि खळ यांची विचारणा वेगवेगळी करावी. नमुन्याचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी थर सुटतात का, ते पाहावे आणि मगच बयाणा द्यावा.