ग्रुप

पुण्यात सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. एमपीएससीची मुलं सकाळी सातला येतात, रात्री अकराला जातात. ‘ग्रुप जमला की पोस्ट गेली,’ असं मी नव्या मुलांच्या पालकांना हमखास सांगायचो. मनाला आधार म्हणून ग्रुप हवा, हेही पटायचं नाही. मनाचं दुखणं असलं तर डॉक्टर आहेत. चहाच्या टपरीवर कसले उपचार?

मार्च 2021 मध्ये पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली आणि मुलं रस्त्यावर उतरली. तो गोंधळ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतरची सामसूम फार कुणाला दिसली नाही. परभणीकडचा एक मुलगा रोज वेळेवर येत होता, फीसुद्धा भरलेली, म्हणजे माझ्या लेखी सगळं ठीक. त्याचा मेसचा डबा तसाच परत जातोय, हे त्याच्या ग्रुपमधल्या मुलीने ओळखलं. “काय साहेब, डबा उघडतच नाही हल्ली?” एवढंच तिने विचारलं. (ही मुलं पोस्ट मिळण्याआधीच एकमेकांना साहेब, मॅडम म्हणतात.) मग दोघं-तिघं त्याला जेवायला ओढून नेऊ लागले. पुढे त्यांच्यातलाच एक त्याच्याबरोबर मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन रांगेत बसला. घरी फोनवर तो मुलगा ‘अभ्यास चांगला चाललाय’ एवढंच सांगायचा. ग्रुपला मात्र अटेम्प्ट, कट-ऑफ, वयोमर्यादा यातलं काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं.

या मुलांनी हे आपसूक केलं. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने तर डॉक्टर नसलेल्या माणसांना नैराश्यग्रस्तांशी बोलायला शिकवलं आणि रुग्णांना त्याचा फायदा झाला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापूनही आला. पण ती माणसं प्रशिक्षण घेतलेली होती, आपलं कुठे चुकतंय हे एकमेकांना दाखवून देत होती. वीस-बावीस वर्षांच्या मित्राला हे कोण शिकवणार? ‘कुणाला सांगू नकोस, शपथ आहे,’ असं कुणी म्हटलं की तो मित्र एकटाच ते ओझं घेऊन रात्र काढतो. त्याची मला आजही धास्ती वाटते. म्हणून मुलांना सांगतो, कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर ती शपथ खुशाल मोडा. ‘टेली-मानस’चा 14416 हा मोफत नंबर नियमांच्या पाटीखाली लावलाय, तिथे चोवीस तास बोलता येतं.

निकालाच्या दिवसाचं काय करायचं, ते मात्र सुचत नाही. एकाचं नाव यादीत येतं, पेढे वाटले जातात, आणि बाकीच्यांनी ज्याच्याशी बोलायचं तोच सत्काराला गेलेला असतो.