बाल्टिमोरची मालिका, क्वीन्सब्रिजची गाणी

एचबीओ वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत दाखवली गेलेली ‘द वायर’ गुन्हेगारी मालिका म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा खरा विषय बाल्टिमोर शहर आहे. तिचे निर्माते डेव्हिड सायमन हे तिथल्याच वृत्तपत्राचे पोलीस-वार्ताहर आणि एड बर्न्स हे आधी पोलीस व मग शिक्षक होते, त्यामुळे फोन टॅपिंगसाठी, म्हणजे संशयितांचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी, लागणाऱ्या न्यायालयीन परवानगीची कटकटही तिच्यात थरारक ठरते. वसाहतीच्या अंगणातील नारिंगी कोचावर अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीतला डीअँजेलो हाताखालच्या पोरांना बुद्धिबळ शिकवतो, तेव्हा प्यादी लवकर मरतात हे त्यांना लगेच उमगते. पाचव्या पर्वातील बनावट खुन्याचे कथानक मात्र ओढूनताणून आणलेले आहे.

रॅप, म्हणजे ठेक्यावर यमके जुळवत केलेले कथन, गरीब वस्त्यांचे हेच जग आतून सांगते. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढलेल्या नासच्या ‘इलमॅटिक’मध्ये (१९९४) तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे एक गाणे आहे, केंड्रिक लमारच्या २०१२च्या कॉम्प्टन शहराविषयीच्या अल्बममध्ये त्याची आई व्हॉइसमेलवर आपली व्हॅन परत मागते, आणि हा घरगुती वैताग बंदुकीच्या आवाजापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.